राखून ठेवलेल्या तीन बिया

माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यात कुठलीही गोष्ट एकाच पद्धतीने केलेली नाही. चहा करायचा म्हटला तरी ते दोन पातेली चढवतात. एकात पत्ती आधी, दुसऱ्यात साखर आधी. मग दोन्ही चहा शेजारी शेजारी बशांत ओतून आळीपाळीने भुरकतात, कपाळाला आठ्या घालून विचार करतात, आणि निर्णय होईपर्यंत दोन्ही चहा गार झालेले असतात. दाढी करतात तीही उजव्या गालाला एक साबण आणि डाव्याला दुसरा लावून. एकदा महिनाभर त्यांनी उजव्या पायात एका कंपनीची आणि डाव्या पायात दुसऱ्या कंपनीची चप्पल घालून सगळं बोईसर पालथं घातलं, कारण तळ कुठला आधी झिजतो हे त्यांना पाहायचं होतं. लोक हसले. पण महिना संपल्यावर त्यातल्याच दोघा-तिघांनी त्यांना कोपऱ्यात गाठून हळूच विचारलं, "मग कुठली घ्यावी?"

याला कारण त्यांची नोकरी. साडू मूळचे कराडकडचे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंग तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी पस्तीस वर्षं काढली. तयार मालाची प्रत्येक बॅच त्यांच्या टेबलावरून जायची आणि ते तिच्यावर 'पास' किंवा 'रिजेक्ट' असा शिक्का मारायचे. शिवाय प्रत्येक बॅचमधला थोडा माल बाटलीत भरून, सील करून, वर चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवायचा, हा त्या धंद्याचा रिवाज. त्याला ते 'कंट्रोल सॅम्पल' म्हणत. त्या बाटलीला कोणी हात लावायचा नाही. गिऱ्हाइकाची तक्रार आली तरच ती उघडायची, आणि दोष मालात होता की गिऱ्हाइकाच्या हातात, ते तपासायचं. निवृत्त झाल्यावर शिक्का कारखान्यात राहिला, रिवाज मात्र घरी आला. लोणचं घातलं की एक छोटी बाटली बाजूला. दिवाळीच्या चिवड्याची एक पुडी बाजूला. मुलाच्या लग्नातला बुंदीचा एक लाडू त्यांच्या लोखंडी कपाटात अजून सीलबंद आहे, असं अक्का शपथेवर सांगते. अक्का म्हणजे साडूंची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण. "यांनी लग्नाआधी दोन मुली बघितल्या होत्या," ती म्हणते, "मला आजवर कळलेलं नाही, मी प्रयोग आहे का कंट्रोल."

मी पालघरला असतो. तिथल्याच एका शाळेत आयुष्यभर जगाचा भूगोल शिकवला आणि स्वतः तालुक्याबाहेर फारसा गेलो नाही. साडू मला 'मास्तर' म्हणतात आणि माझ्याबद्दल त्यांचं एक ठाम मत आहे. "मास्तर, काही न करता बसून राहणं तुम्हाला जेवढं जमतं, तेवढं मी दुसऱ्या कोणाला जमलेलं बघितलं नाही." हे त्यांनी आमच्या सासुरवाडीला भरल्या पंगतीत सांगितलं होतं. मी काही बोललो नाही, कारण बोलणं हेही काहीतरी करणंच झालं. एकदा आम्ही दोन्ही कुटुंबं एडवणच्या किनाऱ्यावर गेलो होतो. साडूंनी ओल्या वाळूत एक आणि कोरड्या वाळूत एक अशा दोन काठ्या रोवल्या आणि कुठली आधी पडते ते बघत ऐन उन्हात उभे राहिले. मी सुरूच्या सावलीत आडवा झालो. परतताना आम्ही दोघंही आपापल्या परीने समाधानी होतो.

अशा माणसाच्या आयुष्यात एकच गोष्ट अशी होती, की जिची त्यांनी कशाशीही तुलना केली नाही. करटोली. पावसाळ्यात डोंगरउतारावर आपसूक उगवणाऱ्या वेलीची ती हिरवी, मऊ काट्यांची, लिंबाएवढी फळं. अक्का ती चकत्या करून तेलावर परतते, वर ओलं खोबरं घालते, आणि साडू त्या ताटापुढे गप्प बसून जेवतात. करटोली घ्यायची तीही एकाच बाईकडून. ती बेटेगावच्या पलीकडच्या एका पाड्यावरून यायची आणि श्रावणात बोईसरच्या बाजारात एका ठरलेल्या कोपऱ्यात टोपली घेऊन बसायची. वयाने साडूंहून लहानच असेल, पण बाजारात भाजीवालीला मावशीच म्हणतात, म्हणून साडूही मावशी म्हणायचे आणि ती त्यांना साहेब. वीसेक वर्षं हा रिवाज चालला होता. दुसऱ्या टोपलीकडे साडूंनी मान वळवूनही पाहिलं नाही. "इथे तुलना नको," ते म्हणायचे, "ही बॅच डोळे झाकून पास."

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात मावशी आली नाही. भाद्रपदातही तो कोपरा रिकामाच. साडू बेचैन झाले. शेवटी नवरात्रात एका सकाळी त्यांनी मला पालघरहून बोलावून घेतलं, स्कूटरवर मागे बसवलं आणि विचारत विचारत आम्ही तिच्या पाड्यावर पोहोचलो. मावशी अंगणात भात वाळत घालत होती. आम्हाला पाहून तिने आधी डोक्यावरचा पदर सारखा केला, मग हसली, मग हाताने समोरचा डोंगर दाखवला. डोंगराची अर्धी उतरण निळे पत्रे ठोकून बंद केलेली होती. आत मुरूम सपाट करून कोणाचंसं गोदाम उठत होतं.

"वेली तितंच होत्या साहेब," ती म्हणाली. "आता पत्रं मारलं. बाजारात काय घेऊन येऊ?"

तिच्या अंगणात बांबूच्या मांडवावर करटोलीची एक वेल चढलेली होती. खाली पिवळी फुलं गळून पडली होती. मी ती पाहिली आणि पाहून सोडून दिली. साडूंचं लक्ष तिकडे नव्हतंच. ते झोपडीच्या वळचणीकडे पाहत होते. तिथे चुलीचा धूर लागेल अशा जागी फडक्याची एक गाठ टांगलेली होती. त्या उतरणीवरचं शेवटचं फळ मावशीने पत्र्याखालून हात घालून काढलं होतं. पिकून केशरी होऊन फुटलेलं. त्यातल्या अठरा बिया त्या गाठीत होत्या. डोंगर परत मिळणार नव्हता, पण अंगणात काही वेली उभ्या राहिल्या तर श्रावणात टोपली पुन्हा भरेल, एवढाच तिचा हिशोब असावा, असं आम्ही धरून चाललो.

"तू नुसत्या मातीत टाकशील आणि कोंबड्या टिपून जातील," साडू म्हणाले. "माझ्याकडे दे. एकूण एक रुजवून आणतो. पुढच्या श्रावणात तुझ्या मांडवावर करटोली लागली पाहिजेत, ही माझी जबाबदारी."

मावशीने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. तिने गाठ काढून त्यांच्या हातात दिली. "पाऊस येईपरेन ठेवा साहेब. बी निजलेला हाय. पाऊस आला का आपला उठंल."

परतताना साडू स्कूटरवर मोठ्याने हसत होते. "ऐकलंत मास्तर? थांबा म्हणते. थांबणं ही काय पद्धत झाली?"

घरी आल्यावर त्यांनी अठरा बिया पांढऱ्या कागदावर मांडल्या. काळपट, कडक, कडेला करवतीसारखे दाते असलेल्या. तीन बिया एका पाकिटात घालून सील केल्या, वर लिहिलं, 'कंट्रोल. उघडू नये', आणि पाकीट लोखंडी कपाटात बुंदीच्या लाडवाशेजारी ठेवलं. उरल्या पंधरा. त्यांच्यासाठी पाच पद्धती निवडायच्या होत्या. साडूंनी आठ दिवस मोबाइलवर वाचन केलं, आणि त्या वाचनात त्यांना असं आढळून आलं, की घरच्या घरी बी रुजवण्याच्या पद्धतींची जगात सर्वांत काटेकोर तुलना कोण करत असेल, तर परदेशातले गांजा लावणारे लोक. आपल्याकडे त्याला कायद्याने बंदी, साडूंना तर साध्या तंबाखूचाही वास सोसत नाही. पण त्या लोकांनी पाण्याचा ग्लास चांगला की ओला कागद चांगला, यावर पानंच्या पानं लिहून ठेवली होती. कोणी तासातासाने फोटो काढले होते. कोणी नळाचं आणि पावसाचं पाणी वेगळं वापरून पाहिलं होतं. साडूंना भरून आलं. "माणसं वाया गेलेली असतील मास्तर," ते मला म्हणाले, "पण नोंदी बघा त्यांच्या! अशी दोन माणसं माझ्या लॅबमध्ये असती, तर एक बॅच परत आली नसती."

गोची अशी झाली, की मोबाइलचं खातं पुण्यातल्या मुलाने उघडून दिलेलं होतं आणि वडील काय वाचतात ते त्यालाही तिकडे दिसायचं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने आईला फोन केला, "आई, बाबांचं काय चाललंय? खरं सांग."

"काय चालणार? करटोली," अक्का म्हणाली.

 पलीकडून तो आवाज खाली आणून म्हणाला, "करटोली म्हणजे काय? असं म्हणतात का त्याला?" मुलगा बोईसरला जन्मला, वाढला, ताटातली करटोली बाजूला सारत मोठा झाला, आणि पुण्याला जाऊन ते नावच विसरला. अक्काने त्याला कसं समजावलं ते तिलाच माहीत, पण पुढच्या शनिवारी तो प्रत्यक्ष बघून जायला आला.

पाच पद्धती ठरल्या. तीन बिया पाण्याच्या ग्लासात. तीन मटकीला मोड आणतात तशा ओल्या फडक्यात, नळाला बांधून. तीन ओल्या कागदाच्या घडीत, दोन ताटल्यांच्या मध्ये, टीव्हीच्या केबलच्या डब्यावर, कारण तो कायम गरम असतो. तीन पॉलिश पेपरने घासून थर्मासमधल्या कोमट पाण्यात. आणि उरलेल्या तीन अंगाच्या उबेवर. हे शेवटचं काम माझ्याकडे आलं. "तुमच्या अंगात ऊब भरपूर आणि हालचाल शून्य," साडू म्हणाले, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तीन बिया प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी माझ्या सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवल्या. वरून पिन लावली.

पुढचे तीन महिने मी त्या घरात जे पाहिलं, त्याला प्रयोग म्हणावं की घरातलं आजारपण, मला ठरवता येत नाही. साडू दिवसातून चार वेळा ताटली उघडून पाहायचे, फडकं सोडून पाहायचे, ग्लास उजेडाकडे धरायचे. ग्लासातल्या बियांचं पाणी आठव्या दिवशी असं वास मारायला लागलं, की अक्काने तो उचलून संडासात नेऊन ओतला. नळावरच्या फडक्याला बुरशी धरली. थर्मासचं तर मी प्रत्यक्ष पाहिलं. घरी चार पाहुणे आलेले, अक्काने घाईत त्यातच उकळता चहा भरला, आणि एका वयस्कर गृहस्थांच्या कपात घासून गुळगुळीत केलेली एक करटोलीची बी निघाली. ते मसाला समजून चावायला लागले. साडू ओरडले, "चावू नका, पद्धत चार, नंबर तीन आहे ती!"

माझ्या खिशातल्या बियांची कथा मला सांगायला लाज वाटते. बाराव्या दिवशी बायकोने तो सदरा मशीनला लावला. मी साडूंना फोन करून सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "किती वेळ फिरल्या? गरम पाण्यात का गार?" आणि लिहून घेतलं.

राहिली टीव्हीच्या डब्यावरची ताटली. जानेवारीत एका सकाळी साडूंचा फोन आला. "मास्तर, पांढरं टोक दिसतंय." मी पालघरहून पेढे घेऊन निघालो. साडूंनी सगळ्या बिल्डिंगला बोलावून ठेवलं होतं. वॉचमनसुद्धा काठी टेकून उभा. साडूंनी भिंग काढलं, ताटली खिडकीत नेली, वाकले, आणि वाकलेलेच राहिले. वॉचमनने भिंगातून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "साब, ये तो फफूंद है." बुरशी होती. आम्ही पेढे खाल्ले, कारण आणले होते.

त्या दिवसानंतर साडू बदलले. एकाच पातेल्यात चहा करायला लागले, तेव्हा अक्का घाबरली. रविवारी बाजारात जायचे ते मागच्या गल्लीने. मी एकदा बरोबर होतो. त्या रिकाम्या कोपऱ्याच्या जवळ आलो तशी त्यांनी माझा दंड धरला आणि मला दुसरीकडे वळवलं. मावशी तिथे नसतेच हे दोघांनाही माहीत होतं. पुढे एका टपरीपाशी थांबून ते म्हणाले, "पस्तीस वर्षं मी लोकांचा माल रिजेक्ट केला मास्तर. रिजेक्ट झाला तरी तो कंपनीचा होता. हे बी तिचं होतं हो. तिने वळचणीला ठेवलं होतं. ठेवलं असतं तिथेच, तर काय बिघडलं असतं?" इतकी वर्षं मी त्यांची थट्टा करत आलो, पण त्या दिवशी टपरीपाशी उभा असलेला तो उंच, वाकलेला माणूस मला फार आपला वाटला, हे इथे कबूल करून टाकतो.

मी कपाटातल्या पाकिटाची आठवण दिली, तर ते एकदम ताठ झाले. "ते कंट्रोल आहे. ते उघडत नाहीत." मी म्हटलं, प्रयोगच संपला तर कंट्रोल कशाचं? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी भूगोलाकडे वळलो.

वाट काढली ती अक्काने. आषाढ लागला होता. पाऊस आठ दिवस धरून होता आणि मी त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. पोळ्या लाटता लाटता तिने विचारलं, "अहो, ती सीलबंद बाटली कारखान्यात उघडायचेच नाहीत का कधी?"

"तक्रार आली तर उघडायचे."

"मग माझी तक्रार आहे."

"कसली?"

"त्या बाईचं बी घेतलंत आणि परत केलं नाहीत, ही."

साडूंनी लोखंडी कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "तक्रार लेखी लागते." अक्काने पिठाचे हात पुसले, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दोन ओळी लिहिल्या आणि खाली सही केली. साडूंनी ती वाचली, तारीख घातली, 'प्राप्त' असं लिहिलं, आणि मगच कपाट उघडलं. पाकीट त्यांनी कात्रीने कडेकडेने कापलं. तीन बिया. खिडकीत रंगाचा एक रिकामा डबा माती भरून ठेवलेला होता. त्यांनी बोटाने तीन खळगे केले आणि बिया ढकलल्या.

"कुठल्या पद्धतीने?" मी विचारलं.

"कुठल्याच नाही," ते म्हणाले. "पद्धती संपल्या."

दहाव्या दिवशी दोन कोंब वर आले. साडूंनी या वेळी कोणाला बोलावलं नाही, पेढे सांगितले नाहीत. मला फोन केला आणि एवढंच म्हणाले, "मास्तर, ती म्हणाली होती तेच. निजलं होतं." मग पुढे काही न बोलता त्यांनी फोन बराच वेळ कानाला धरून ठेवला. मीही धरून ठेवला. या कामात माझा हात कोणी धरणार नाही.

कोंब वीतभर झाले तेव्हा साडू डबा मांडीवर घेऊन रिक्षाने पाड्यावर गेले. एक रोप पहिल्याच आठवड्यात बकरीने खाल्लं. दुसरं मात्र मावशीच्या मांडवावर चढलं, तिच्या स्वतःच्या वेलीच्या शेजारी. श्रावण आला तसा गेला, टोपली काही भरली नाही; साडू मनातल्या मनात मुदत वाढवत राहिले. भाद्रपदात वेलीला कळ्या आल्या, आणि एका दुपारी साडू पालघरला माझ्या दारात उभे राहिले. चेहरा उतरलेला.

"नर निघाला," ते म्हणाले.

करटोलीच्या वेली नर वेगळ्या आणि मादी वेगळ्या असतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मादी फुलाच्या मागे इवलंसं काटेरी फळ असतं. नर फुलाच्या मागे नुसता देठ. साडूंच्या एकुलत्या एका वेलीवर सगळ्या कळ्या नुसत्या देठाच्या. "तिच्या मांडवाला करटोली लावीन म्हणालो होतो. याला जन्मात लागायची नाहीत. त्या गांजावाल्यांनी स्पष्ट लिहिलंय मास्तर, नर ओळखला की त्याच दिवशी उपटायचा. जागा अडवतो, बाकी काही नाही. चला, तिची माफी मागू आणि तिच्यासमोर उपटू. रिजेक्ट माल गिऱ्हाइकाच्या दारात ठेवायचा नसतो."

आम्ही पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती आणि पिवळी फुलं उमलायला लागली होती. मावशी दारात सूप पाखडत बसलेली. साडू तिच्याशी नीट बोललेही नाहीत. हात जोडले, "चुकलं माझं मावशी, माल खराब निघाला," असं काहीतरी पुटपुटले, आणि थेट मांडवाकडे जाऊन खाली वाकून वेलीचं मूळ मुठीत धरलं.

सूप बाजूला पडलं. मावशीने धावत येऊन त्यांचं मनगट पकडलं. वीस वर्षांत तिने त्यांना साहेबाशिवाय हाक मारली नव्हती, पण त्या वेळी ती ओरडली, "सोड! सोड तो!"

साडू दचकून मागे सरले.

"नर निघालाय मावशी," ते म्हणाले. "याला फळ लागणार नाही."

"मला काय दिसत नाय? नरच पायजे व्हता!" ती म्हणाली. मग तिने शेजारची स्वतःची वेल हाताने उचलून दाखवली. तिच्या फुलांमागे इवली इवली काटेरी फळं होती. "ही मादी हाय. पत्रं मारायच्या आदी कांद खनून आनला मी. दोन वरसं झाली, फुलते नि गळते, फुलते नि गळते. नर सगळं डोंगरावर रायलं. आता हिला कोन हाय? म्हनून तर बी ठेवला व्हता."

साडू तिथेच मातीत बसले. "हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलाच नाय," मावशी म्हणाली. आता ती पुन्हा हळू बोलत होती. "तुमी सांगत व्हता, मी आयकत व्हती. आनि रविवारचं बाजारात पन कोनाला दिसला नाय तुमी. शेजारची सांगत व्हती, साहेब येत नाय. मला वाटला आजारी हाय."

पंधरा बिया, पाच पद्धती, परदेशातल्या लोकांचं पानंच्या पानं वाचन. आणि जिचं बी, तिला एक प्रश्न विचारायची पद्धत तेवढी राहून गेली होती. साडूंनी खिशातून वही काढली. मला वाटलं काही लिहितील. पण त्यांनी ती तशीच परत ठेवली. मावशीने एक नर फूल तोडलं, उलटं करून मादी फुलावर हलकेच टेकवलं आणि दुसरं फूल साडूंच्या हातात दिलं. "तुमी लावा," ती म्हणाली. साडूंनी लावलं. प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं काढलेल्या त्या हाताने इतकं हळू काही केलेलं मी पाहिलं नव्हतं.

दसऱ्याला मावशी बोईसरच्या बाजारात आली. टोपलीत फार नव्हतं, अकरा करटोली होती. ती तिने विकायला मांडली नाहीत. पानात बांधून साडूंच्या हातात दिली आणि कोपऱ्यातच बसून राहिली. पुढच्या श्रावणात मात्र तिने टोपली मांडली, आणि साडू मागच्या गल्लीने नाही, समोरच्या रस्त्याने ताठ मानेने तिच्याकडे गेले.

हिवाळ्यात साडू आणि अक्का पुण्याला मुलाकडे राहायला गेले. गुडघे दुखतात, जिना होत नाही, मुलाने हट्ट धरला. चौदाव्या मजल्यावर घर आहे, खिडक्या काचेच्या आणि बंद. जाण्याआधी साडू पालघरला माझ्याकडे आले. त्या अकरातलं एक करटोलं त्यांनी खाल्लं नव्हतं, पिकवलं होतं. त्यातल्या बहुतेक बिया त्यांनी मावशीच्या वळचणीला नेऊन टांगल्या होत्या. तीन बियांचं सीलबंद पाकीट त्यांनी माझ्या हातात ठेवलं. वर तेच अक्षर, 'कंट्रोल. उघडू नये.'

"तिच्या वेलीला काही झालं तर असाव्यात," ते म्हणाले. "माझ्याकडे ठेवल्या तर मी काहीतरी करत बसेन. तुमच्याकडे ठेवा. तुम्हाला जमतं."

पंगतीत त्यांनी तेच म्हटलं होतं, तेव्हा मी मनातून चिडलो होतो. या वेळी मी नुसती मान डोलावली. ते पाकीट मी माझ्या टेबलाच्या खणात, जुन्या नकाशांखाली ठेवलं आहे. दर रविवारी सकाळी साडूंचा पुण्याहून फोन येतो. तब्येत नाही, हवा नाही, आधी तोच प्रश्न.

"मास्तर, उघडलं नाही ना?"

"नाही."

"काही केलं नाही ना?"

"काहीच नाही."

"शाब्बास," ते म्हणतात, आणि मग आम्ही दोघं थोडा वेळ फोन नुसता कानाला धरून बसतो.